फ्लेक्सवरचा हात

रूपालीवर मी जळत होते. तिला जाऊन आज वर्ष झालं, तरी ते थांबलेलं नाही.

नगरच्या कॉलेजात आम्ही एकाच बाकावर बसायचो. ती शेवगावची, मी पुणतांब्याची. पुढे दोघींनी एकच विषय घेतला.

विषय असा. दूरच्या दीर्घिकांमधून रेडिओ लहरींचे झटके येतात, पापणी लवायच्या आत संपणारे. काही स्रोत असे झटके पुन्हा पुन्हा देतात. ते कशातून निघतात हे पक्कं माहीत नाही. त्याच क्षणी तिथून एक्स-रेही आले, तर बरंच काही कळेल.

म्हणून ती रेडिओ दुर्बिणीवर आणि मी उपग्रहाच्या एक्स-रे डेटावर.
स्रोत एक. वेळ एक.

तिला सापडायचं. मला नाही.

तिचा मेसेज यायचा, "आले गं."
मी माझ्या डेटात तोच क्षण उघडायचे. रिकामा.
"तुझं काय निघालं?"
"काही नाही."
"कायच न्हाई हे बी उत्तरच हाय की."

असतं. अमुक पातळीपेक्षा जास्त एक्स-रे आले नाहीत, हे ठामपणे सांगता येतं आणि तेवढ्यानेही काही थिअरी बाद होतात. फक्त मला हे तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

पेपर छापून आला तेव्हा शीर्षकात तिचे झटके होते. माझं काम एका टेबलच्या शेवटच्या कॉलममध्ये.

शेवगावच्या स्टँडसमोर तिचा फ्लेक्स लागला. "तालुक्याची कन्या अंतराळात." ती तोवर विमानातही बसली नव्हती. खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या दोन रांगा.

फोटो खरं तर आम्हा दोघींचा होता, दुर्बिणीच्या आवारात काढलेला. मंडळाच्या पोरांनी माझी बाजू कापली. तिच्या खांद्यावरचा माझा हात तेवढा राहिला. मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ.

काही न सापडल्याचा फ्लेक्स लागत नाही, हे मला मान्य होतं. तो हात मात्र बघवत नव्हता.

त्याच दिवशी तिचे वडील, अण्णा, मला म्हणाले, "म्हंजी आमची रूपा आकाशवानी ऐकती अन् तू एक्स-रे काढती. मग घावलं का हाड?"
"नाही अण्णा."
रूपाली हसून हसून खाली बसली. मी हसले नाही.
पुढे प्रत्येक भेटीत ते हेच विचारायचे.

रेडिओ लहरी आणि एक्स-रे एकाच वेळी निघाले, तरी वाटेतल्या विरळ वायूमुळे रेडिओ मागे पडतात. एक्स-रे आधी पोचतात.
त्या नियमाने मी पुढे असायला हवं होतं.

पहिला पेपर तिचा. पहिली नोकरी तिची.
मागच्या वर्षी ती डेंग्यूने गेली. तिथेही ती आधी.

श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तोच फोटो होता. तोच हात. मी समोरच उभी होते. कुणी ओळखला नाही.

परवा अण्णांचा फोन आला. ते वर्षश्राद्धाचा फ्लेक्स करायला दुकानात गेले होते.
"पोरी, रूपाचा दुसरा एखांदा फोटू हाय का तुज्याकं? यात कुनाचा तरी हात येतोय. ह्यो दुकानवाला म्हनतो, एआयनं पुसून टाकतो."

माझ्याकडे तिचे भरपूर फोटो आहेत. ती एकटी असलेलेही आहेत. पाठवते म्हणाले असते तर विषय संपला असता.

"पुसू नका अण्णा."
"का गं? कुनाचा हाय?"
"माझा."

ते दुकानदाराला म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे तो हात. आपल्याच पोरीचा हाय."
आणि मला, "घावलं का हाड?"
"नाही अजून."
"बघत ऱ्हा."

आज सकाळी तो फ्लेक्स लागला. हातासकट.

रूपा, पुढच्या निरीक्षणाची वेळ मिळाली आहे. रेडिओवर तुझ्या जागी दुसरं कुणीतरी असेल. त्याला सापडेल, मला कदाचित याही वेळी नाही.

त्याच्यावर मी जळणार नाही. ते तुझ्यापुरतंच होतं.

नीट जा.