अक्कांचा गोड उपास

अक्का खुर्चीवर बसायला तयार होईनात. चोपड्याच्या माझ्या दवाखान्यात त्या दाराशीच जमिनीवर टेकल्या.

"मी खालेच बरी, डॉक्टर. माले महारोग शे."

पायांना मुंग्या, तळवे बधिर. चुलीपाशी निखाऱ्यावर पाय पडला तरी कळलं नव्हतं. तेव्हापासून त्यांनी खाट गोठ्यात नेली होती. नातीचं लग्न तोंडावर आलेलं. "कोनले समजनं ते लगन मोडी जाई," म्हणून त्या मांडवातही येणार नव्हत्या. सोबत आलेला त्यांचा मुलगा सुपडू खाली मान घालून उभा.

मीही धास्तावलो, खोटं कशाला सांगू? तेव्हा महारोग म्हटलं की माणूस घराला परका व्हायचा. अंगावर चट्टा शोधला, नव्हता. या रोगात कोपराजवळची नस दोरीसारखी जाड लागते. तीही ठीक होती. दोन्ही पाय सारखेच बधिर, पोटऱ्या दाबल्या की दुखत. मग डायबेटिस? लघवी निळ्या रिएजंटमध्ये उकळली. साखर असती तर रंग बदलला असता. निळा तो निळाच राहिला.

डोकं चालेना, म्हणून चहा मागवला. अक्कांनी कनवटीचे मूठभर बताशे त्यात सोडले.

"अहो, चहा गोडच आहे!"

"हाईच मनं जेवन शे. नातना लगनना नवस शे. हयद लागापर्यंत धान सोडेल शे."

"हळदीपर्यंत धान्य नाही, मग शेंगदाणे, भगर?"

"दात कोठे शेतस माले? आन् साखर खादी ते उपास थोडाच मोडस?"

माझा जीव भांड्यात पडला. साखर पचवायला शरीराला ब जीवनसत्त्व लागतं. साखरेत ते नसतं. अक्कांसारखं कित्येक महिने नुसत्या साखरेवर राहिलं, की असलेला साठा संपतो आणि नसा उपाशी पडतात. डायबेटिस नसला तरी.

"अक्का, हा महारोग नाही. खाट घरात घ्या."

सुपडू तिथेच रडायला लागला.

बी-वनची इंजेक्शनं सुरू केली. नवस मोडायला त्या कबूल नव्हत्या, मीही आग्रह धरला नाही. शेंगदाण्याचा कूट आणि मऊ भगर उपासाला चालते. बताशे मात्र बंद.

"मना उपासच कडू करी टाका तुमी!" अक्का कुरकुरल्या.

हळदीला मला बोलावणं आलं. तळवे पुरते जागे व्हायला अजून वेळ होता, पण अक्का बायकांच्या मधोमध बसून नातीला हळद लावत होत्या. कोणी जरा सरकून बसलं नव्हतं.

तेव्हापासून मुंग्यांचा पेशंट आला, की लघवी साफ असली तरी मी विचारतो, "जेवता काय?"