उशिराची ठिणगी

रविवार, सकाळ. गॅरेजमध्ये हजर: मी, मेकॅनिक सलीमभाई आणि गेल्या महिन्यात वारलेल्या माझ्या नवऱ्याची गाडी.

"वहिनी, साहेबांनी इंजिनातला स्पार्क मुद्दाम जरा उशिरा पडेल असा ठेवलाय. इंजिनाचा जोर थोडा कमी होतो, पण धग धुराबरोबर एक्झॉस्टमध्ये जाते आणि तिथला टर्बो लवकर फिरतो. गाडी विकायचीय, तर स्पार्कचं टायमिंग पहिल्यासारखं करू?"

त्यांनी गाडी चालू करून ॲक्सिलरेटर दाबला. टर्बोची शीळ आली. तिला मी कायम नावं ठेवायचे. हे हसायचे, "घाटात कळेल तुला."

दिवसकार्य मी कोरड्या डोळ्यांनी उरकलं होतं. आग तेव्हाच लागली असणार. धग बाहेर पडायला हा रविवार उजाडला. डोळे वाहू लागले, तसे सलीमभाई पाठ फिरवून स्वच्छच असलेले हात पुसत राहिले.

टायमिंग बदलायचं अजून राहिलंय.