चित्रातलं कुत्रं

जर्मनीत, कोलोनमध्ये पाच वर्षं काढली, पण तिथल्या कॅथीड्रलमध्ये मी पाऊल टाकलं नव्हतं. जवळच्या म्युझियममध्ये मात्र दर महिन्याला जायचो, आणि तिथेही एकाच दालनात. तिथे जुनी डच चित्रं होती, सगळी चर्चच्या आतली. पांढरे खांब, उंच खिडक्या, फरशीवर उन्हाचे पट्टे. मी गाड्यांच्या हेडलाइटचं डिझाइन करतो, म्हणून उजेड बघायला जातो, असं सगळ्यांना सांगायचो.

अप्पा, म्हणजे माझे वडील, आले तेव्हा त्यांनाही तिथेच नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं परतीचं विमान होतं. तीन आठवड्यांत त्यांनी इथलं काहीच मनापासून बघितलं नव्हतं, त्यामुळे माझा जीव थाऱ्यावर नव्हता. निदान हे तरी आवडावं, म्हणून मी टकळी सुरू केली. रेषा बघा, उजेड बघा, खोलपणा कसा दाखवलाय बघा!

अप्पा एकेक चित्र बघत पुढे सरकले. मी दोनदा घड्याळ पाहिलं, त्यांच्यामागे येरझारा घातल्या. शेवटी त्यांनी एका चित्राकडे बोट दाखवलं.

"हे कुत्रं आत कसं?"

खांबाच्या बुंध्याशी खरंच एक कुत्रं होतं. इतक्या खेपा घालूनही मला ते दिसलं नव्हतं.

"त्या काळी येत असतील. कोणी हाकलत नसेल."

"माझ्या बापाला देवळाच्या पायरीवरून हाकललं. तेव्हा आत कुत्रं झोपलं होतं. मरेपर्यंत तेवढंच सांगायचा." मग माझ्याकडे वळले. "इथल्या मोठ्या चर्चमध्ये तू गेलायस?"

"म्हणजे... वेळच नाही मिळाला."

"पाच वर्षं?"

मला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. आपण बौद्ध, आपल्याला काय करायचंय, असं मी स्वतःलाच सांगत आलो होतो. खरं म्हणजे मला भीती वाटायची. चित्रातल्या चर्चमध्ये शिरताना, तू कोण, असं कोणी विचारत नाही.

अप्पा बाहेर पडले ते थेट कॅथीड्रलकडे निघाले. दारापाशी मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. ती सुटलेली नव्हतीच. अप्पा दाराजवळची पाटी न्याहाळत होते. तिच्यावर कुत्र्याचं चित्र होतं आणि त्यावर लाल काट मारलेली.

"ऊठ," ते म्हणाले. "इथे कुत्र्याला बंदी आहे. आपल्याला नाही."

आणि माझी वाट न बघता आत गेले.