माफीचे दिवस

आमच्या बी विंगमध्ये आजवर एकही माणूस हरवलेला नाही, आणि याचं सगळं श्रेय जेलरकाकांना जातं. शांती नगरातल्या इतर इमारतींना वॉचमन असतात, कॅमेरे असतात. आम्हांला काका होते. सगळी नोकरी तुरुंगात झालेली. निवृत्तीनंतर मीरा रोडला फ्लॅट घेतला आणि सामानाबरोबर नोकरीही घेऊन आले. दिवेलागणीला ते प्रत्येक दाराची बेल वाजवून विचारत, "सगळे आत?" याला ते गिनती म्हणत. माझा मुलगा क्लासला गेलेला असला की मी सांगायची, "एक बाहेर." "परवानगीने?" "हो काका." मग ते पुढच्या दाराकडे वळत. त्यांच्या घरी गेलेल्या पाहुण्यांना पोहे-चहा झाला की ते घड्याळाकडे बघून, कैद्यांना भेटायला आलेल्यांना सांगावं तसं म्हणत, "मुलाखतीची वेळ संपली," आणि पाहुणे मुकाट्याने चपला शोधू लागत. गणपतीला नैवेद्य झाला की महाप्रसादाचा पहिला घास काका उभ्याने खाऊन बघत, कारण तुरुंगात साहेबाने चाखल्याशिवाय कैद्यांना जेवण वाढत नाहीत. "द्यायला हरकत नाही," असं ते म्हणाले की मगच पंगत बसे. मी सोसायटीची सेक्रेटरी. कामं लिहायची आणि एकेक खोडायची, हा माझा स्वभाव. काका म्हणजे मला न मागता मिळालेला असिस्टंट होता.

त्यांचं दुखणं एकच होतं. लोक बदलले. "पूर्वी मी जेलमध्ये आहे कळलं की लोक विचारायचे, कैदी सुधारतात का हो? आता विचारतात, अजून लटकवला नाही का?" पूर्वी म्हणे पुढारी दिवाळीला तुरुंगात येत, कैद्यांच्या हातची चकली खात आणि माणुसकीवर इतकं लांब बोलत की कैद्यांना ती जादा शिक्षा वाटे. आता तेच पुढारी चौकातल्या फलकावर मूठ आवळून कठोरात कठोर शिक्षा मागतात. मागच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आला. "काका, आम्ही निवडून आलो की एकेकाला फासावर चढवू." काकांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "दोराचं टेंडर काढावं लागेल. त्यात घोटाळा झाला तर तो करणाऱ्यांनाही चढवणार का, तेवढं सांगून जा." उमेदवाराने पाणी तसंच ठेवून वरचा मजला गाठला. खाली पार्किंगमध्ये मुलं चोर-पोलीस खेळत, त्यातही चोर सापडला की लगेच एन्काउंटर, आणि तो बिचारा रडत घरी. काकांनी तिथला सिमेंटचा बाक जेल म्हणून जाहीर केला. "मेलेला चोर पुढच्या डावाला काय उपयोगाचा रे?" मुलांना ते चटकन पटलं. मोठ्यांना पटायला निळा कोट लागला.

हा कोट आमच्या अध्यक्षांचा. तो इस्त्रीला दिला होता आमच्या जिन्याखालच्या इस्त्रीवाल्याकडे. त्याच्या चुलतभावाचं लग्न होतं भाईंदरला. त्याने कोटाला इस्त्री केली, कोट घातला, लग्नात नाचला आणि भोळेपणाने तोच फोटो स्टेटसला ठेवला. अध्यक्षांनी सकाळी चहा पिताना बघितलं: कोट आपला, माणूस दुसरा. संध्याकाळी मीटिंग. इस्त्रीवाला दाराबाहेर उभा. जिन्याखालची ती जागा गेली की त्याच्या दोन मुलींना घेऊन त्याला गावी परत जावं लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्या दिवशी कोणाच्या तोंडून ते निघेना. "पुलिस में दो इसको," एक जण म्हणाला. "आधी नोटीस बोर्डवर फोटो लावा," पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. "कोटासकट लावू नका," अध्यक्ष घाईने म्हणाले. शेवटी ठरलं की त्याला हाकलायचं.

"किती दिवसांसाठी?" काकांनी मागून विचारलं.

"किती दिवस काय काका? कायमचं."

"जन्मठेप सेशन कोर्ट देतं. तुमच्याकडे सोसायटीचा रबरी शिक्का आहे. त्यात बसेल तेवढी द्या."

बरीच ओढाताण होऊन एक महिना ठरला. महिनाभर त्याने टेबल गेटबाहेर रस्त्यावर मांडायचं. काकांनी पुन्हा हात वर केला. "आणि माफी?"

अध्यक्ष भडकले. "माफीचं नाव काढू नका. महिना दिला हेच उपकार."

"अहो, तुम्ही म्हणता ती नाही. आमच्याकडे माफी म्हणजे सोडून देणं नव्हे. कैदी नीट वागला, नेमलेलं काम नीट केलं, की शिक्षेतले दिवस कापतात. त्या कापलेल्या दिवसांना माफी म्हणतात. ती मागायची नसते, कमवायची असते. माणसाला उद्या नीट वागायला काहीतरी कारण नको का?"

मी इतिवृत्तात लिहून टाकलं, 'माफीसह एक महिना', आणि विषय संपवला.

इस्त्रीवाला उन्हात टेबल मांडून बसला. कपडे वेळेवर आणि घड्या अशा धारदार की सुरीने लाजावं. पहिली माफी दिली ती खुद्द अध्यक्षांच्या बायकोने. भाच्याचा साखरपुडा होता, अध्यक्ष कोट गेटबाहेर द्यायला तयार नव्हते आणि त्या कोटाची कॉलर दुसऱ्या कोणाला बसवता येईना. "याला आत घ्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "नाहीतर बनियनवर चला." महिना भरायच्या आतच टेबल जिन्याखाली आलं. काकांनी ते स्वतः तपासलं आणि म्हणाले, "द्यायला हरकत नाही."

यंदा काकांचे गुडघे गेले. मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. ते गाडीत बसले तेव्हा मी विचारलं, "किती दिवसांसाठी, काका?" ते काचेतून इमारतीकडे बघत राहिले. "बहुतेक जन्मठेप, सेक्रेटरीबाई."

आता दिवेलागणीला कपडे पोचवत इस्त्रीवाला वर येतो. कधीपासून कोण जाणे, पण गठ्ठा हातात देताना विचारतो, "सब अंदर?" मी हो म्हणते. मग काकांच्या बंद दारापाशी तो थोडा थांबतो, कुलूप एकदा ओढून बघतो.

"एक बाहर," तो म्हणतो. आणि जिना उतरता उतरता, माझ्याकडे न बघता, "पर माफी मिलेगी, दीदी. चाल-चलन अच्छा है उनका."