सुदामभाऊंनी गळ्याचा रुमाल सोडला

"देखो भाई, कॅन्सरच आहे," डॉक्टर म्हणाले. सुदामभाऊंनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तू जेवलास का रे?"

बायॉप्सीचा रिपोर्ट टेबलावर होता. बायॉप्सी म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. गाठ स्वरयंत्रावर होती.

आम्ही दोघं खानदेशातले, सुरतेत पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कामाला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गुजरातेत दारूबंदी, म्हणून शनिवारी सुरतेहून दमणला जायचं आणि तिथल्या एका बारमध्ये वाजवायचं. भाऊ सॅक्सोफोन वाजवत, मी ड्रम. आमच्या बँडसाठी लोक लांबून येत. खरं तर भाऊंसाठी येत. कुणाला जास्त झाली की भाऊ गाणं अर्धं टाकून खाली उतरत, त्याला रिक्षात बसवत, चपला पायात घालून देत. मग वर येऊन गाणं तिथूनच पुढे.

आधी त्यांचा आवाज बसला. आम्ही मिलच्या वाफेला आणि बिडीला दोष देत राहिलो. त्यात तीन महिने गेले. तुमच्या घरात कुणाचा आवाज असा बसून राहिला, तर तुम्ही थांबू नका.

ऑपरेशनचं नाव लॅरिंजेक्टॉमी. म्हणजे स्वरयंत्र काढून टाकायचं आणि श्वासासाठी गळ्याला कायमचं भोक ठेवायचं. "आवाज जाईल. सॅक्सोफोन परत फुंकता येणार नाही. पण जगाल," डॉक्टर म्हणाले. भाऊंनी वहिनींकडे पाहिलं आणि म्हणाले, "करा."

ऑपरेशन झालं. त्यानंतरचे दिवस मला धड आठवत नाहीत. मी डबा नेत होतो, औषधं आणत होतो, व्हरांड्यातल्या बाकावर बसत होतो. कुणी विचारलं की सगळं सांगत होतो, पण आत काहीच हलत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर सुरतेजवळच्या कामरेजचे रमणभाई होते, भाजी विकणारे. त्यांचंही तेच ऑपरेशन व्हायचं होतं. ते बायकोला सारखं म्हणत, "गळ्याला भोक पाडून कसलं जगणं? मला घरी ने."

भाऊंची नाकातली, अन्न द्यायची नळी निघाली, त्या दुपारी ते उठले आणि रमणभाईंच्या खाटेवर जाऊन बसले. गळ्याचा रुमाल सोडला. रमणभाईंनी तोंड फिरवलं. भाऊ तसेच बसून राहिले. बऱ्याच वेळाने रमणभाईंनी पाहिलं. भाऊंनी त्यांचा हात धरून गळ्याच्या भोकासमोर नेला.

"गरम लागतोय श्वास," रमणभाई म्हणाले.

मग भाऊंनी मला खुणेनं चहा ओतायला सांगितला. तो त्यांनी घोट घोट करत, रमणभाईंसमोर, पूर्ण संपवला. दुसऱ्या दिवशी रमणभाईंनी ऑपरेशनला होकार दिला.

भाऊ त्यानंतर दोन वर्षं जगले. कधी दमणला येत, पुढच्या टेबलाशी बसून टाळ्या वाजवत. मग आजार फुप्फुसात उतरला. ते घरीच गेले, वहिनींच्या मांडीवर. मी खांदा दिला. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. त्यांचे उपकार मानायचे, तर ते कोणत्या शब्दांत, हेही मला कळलेलं नाही.

रमणभाई अजून कामरेजला भाजी विकतात. गिऱ्हाईक भाव विचारतं, ते बोटांनी सांगतात. त्या बाजूला गेलो की मी गाडी थांबवतो. घरी भाजी असली तरी घेतो.