बझर, साळुंकी आणि कुरडया

मे २००१, रविवार सकाळ. स्थळ : ऊर्जानगरातलं आमचं क्वार्टर. हजर : सासूबाई, आमचे हे, मी आणि साळुंकी. (घरट्यातून पडलेलं पिल्लू सासूबाईंनी वाढवलं होतं. पिंजरा नव्हता, घर तिचंच होतं!)

गच्चीवर कुरडया वाळत होत्या. गहू भिजवून, चीक काढून, सासूबाईंनी लेकीच्या घरी पाठवायला खांदे दुखेपर्यंत पाडलेल्या. शेजारीच टाकी. ती ओसंडू नये म्हणून ह्यांनी बझर बसवला होता. हे वीज केंद्रात कंट्रोल रूमला. घरातही अलार्मशिवाय करमत नसे.

टाकी भरली की, "टिर्रर्र!" मी स्वयंपाकघरात धावायची, मोटर बंद करायची आणि आलेच आहे तर साळुंकीला पोळीचा तुकडा द्यायची. व्यवस्थित पद्धत! साळुंकीला ती इतकी पटली की, भूक लागली की तीच ओरडू लागली, "टिर्रर्र!"

मी धावायची. मोटर बंद. पोळी. पुन्हा मोटर सुरू, पुन्हा "टिर्रर्र!" शेवटी न्हाणीघरातून डोक्याला साबण लावलेल्या ह्यांचा आवाज आला.

"अवो, नळाले पाणी काऊन नाई?"

मी मोटर लावून हुकूम काढला, "आता बझर वाजला तरी कोणी उठायचं नाई!"

हे अंग धुऊन आले, आम्ही चहा घेतला. "टिर्रर्र!" झालं. आम्ही हललो नाही. (काय तो निर्धार!)

"सूनबाई, वाजून राह्यलं ना वो," व्हरांड्यातून सासूबाई.

"साळुंकी होय ते, आई. लक्ष नका देऊ."

"साळुंकी तं माह्या मांडीवर झोपली हाय!"

गच्चीवर पोचलो तोवर कुरडयांचा पुन्हा चीक झाला होता.

"पण बझर बराबर वाजला!" हे अभिमानानं म्हणाले.

"वाजला, पण त्याले कशाचं काय पडलं हाय?" सासूबाईंचे डोळे भरले होते. "कुरडया भिजो का घर वाहून जावो. हे पाखरू भुकेनं तरी वरडते!"

ह्यांनी बझर काढला. सासूबाईंनी पुन्हा गहू भिजवला. या वेळी चीक मी हाटला.

आता घरात पूर्ण स्वयंचलित अशी एकच वस्तू उरली आहे : मी. साळुंकी ओरडते, मी उठते, मोटर बंद करते, पोळी देते. कुरडया पुन्हा कधी भिजल्या नाहीत.

टाकी एकदा काठोकाठ भरायची, तेवढं राहिलंय.