शेण नको, माती आणा

"शेण? खरं शेण आणलंत तुम्ही? मावशी, तुम्हाला माती सांगितली होती!"

मॅडम किंचाळल्या. किंचाळल्या बारामतीत, पण लोणी भापकरची कुत्री उठून भुंकायला लागली असणार.

मी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उभी होते. पुढं खुर्च्या. खुर्च्यांवर पाहुणे. पाहुण्यांच्या नाकाला रुमाल. माझ्या पाठीमागं गोदामाची तीन मजली भिंत, आणि त्या भिंतीवर रंगवलेली तीन मजली मी. गोवरी थापणारी मी. निळं लुगडं, कपाळाला तव्याएवढं कुंकू. चित्रातल्या माझ्या पायाशी शेणाचा ढीग, त्यावर पिवळा रंग असा मारलेला की सोनं वाटावं. त्या शेणाकडं सगळे माना वर करून बघत होते. माझ्या पाटीतल्या शेणानं त्यांना उमासे येत होते.

"त्यांना जरा बाजूला घ्या ना. फोटोत येतायत," मॅडम पोरांना म्हणाल्या.

फोटोत येतायत. माझ्याच चित्राच्या फोटोत मी येत होते.

गळ्यात पट्टे घातलेली दोन पोरं धावली. त्यांनी मला दंडाला धरून ओढलं असतं तरी चाललं असतं. धरलं नाही. अंगाला हात लागू नये म्हणून लांबूनच हात हलवले. ओट्यावर चढलेली कोंबडी हुसकतात तसे.

हूश.

ही भिंत आधी काय होती ते सांगते, म्हणजे त्या हूशचा अर्थ कळेल.

आमच्या वस्तीच्या कडेला सरकीचं एक बंद पडलेलं गोदाम आहे. मालक तात्या, आमच्या वॉर्डाचे पुढारी. गोदामाची दक्षिणेकडची भिंत म्हणजे वस्तीतल्या बायकांचं शेत. दुसरी जमीन आम्हाला नाही. भिंतीवर ऊन असं की सूर्य उगवला की आधी इथं हजेरी द्यायचा आणि मग इंदापूरला जायचा. इंदापूर पूर्वेला आहे हे मलाही माहीत आहे. तरी. एकदा एक कावळा त्या भिंतीला टेकला तो पापड होऊनच खाली आला. सकाळी थापलेली गोवरी दुपारी बोटानं वाजवली तर खणखणायची.

आणि माझी गोवरी! माझं माहेर वरकुट्याचं. तिथल्या एका म्हाताऱ्याच्या सरणाला माझ्या गोवऱ्या गेल्या होत्या. म्हातारा अर्ध्यातच मार्गी लागला, उरलेल्यांवर तेराव्याचा स्वयंपाक झाला. जेवायला आलेली माणसं म्हणाली, डाळीला काय चव हाय!

आमची रीत अशी. सकाळी बागायतदारांचे गोठे झाडायचे. मजुरी म्हणून शेण आपलं. ते भिंतीवर थापायचं, वाळवायचं, पावसाच्या आत वाळल्या गोवऱ्यांचा ढीग, म्हणजे हुडवा, रचून झाकायचा. त्यातलं विकून खायचं आणि त्यातलंच चुलीत घालायचं. भिंतीला भाडं नाही. पण तात्यांच्या घरची होळी असली की गोवऱ्या आमच्या, मयत झालं की गोवऱ्या आमच्या. तात्यांच्या वडलांना आम्हीच पोचवलं. आमच्या गोवऱ्या थेट त्यांच्या छातीवर ठेवल्या गेल्या. आम्ही मात्र त्या दिवशीही अंगणाच्या बाहेर. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत. तेव्हा मला ते टोचलं नाही. भिंत आहे ना, मग बास, असं वाटायचं. माणसाची कातडी अशी निबर होते.

मग एक दिवस टेप घेऊन माणसं आली. भिंत मोजायला लागली.

आमच्या वस्तीत टेप दिसली की घरकुलच आठवतं. मी धावत जाऊन आधार कार्ड आणलं, रेशन कार्ड आणलं. शेजारची सोजरमावशी दम्यानं धापत होती, तिचीही कागदं मीच आणली. सगळी त्या दाढीवाल्या गोऱ्या माणसाच्या हातात कोंबली. त्यानं माझ्या आधार कार्डावरचा फोटो बघितला आणि लाजून कार्ड परत दिलं. तो चित्रकार निघाला. लांबच्या देशातला. त्याच्यासोबत पुण्याच्या मॅडम.

"मावशी, आम्ही शहरातल्या भिंती बोलक्या करणार आहोत," मॅडम म्हणाल्या.

"आमच्या भिंती लय बोलत्यात बाई. पलीकडच्या नवराबायकोचं समदं ऐकू येतं."

मॅडम गोड हसल्या. मोबाईलवर जगभरच्या भिंती दाखवल्या. कुठल्या कुठल्या देशांतली शहरं. कुठं सहा मजली वाघ, कुठं सात मजली म्हातारी, कुठं अख्खी गल्लीच समुद्र करून टाकलेली. "असे महोत्सव होतात तिकडं. कुणी फिरकत नव्हतं अशा वस्त्यांत आता लोक मुद्दाम जातात."

मी सगळं नीट बघितलं. एकच गोष्ट दिसेना. "मॅडम, तितल्या बायका गोवऱ्या कुठं लावत्यात?"

मॅडम पुन्हा हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत केली.

चित्रकारानं माझे थापताना फोटो काढले. "तुमचं चित्र काढलं तर चालेल ना?" असं मॅडमनी विचारलं. मी म्हणाले, काढा की. मला वाटलं, भिंतीवर वर मी असेन आणि खाली माझ्या गोवऱ्या असतील. चुलीमागच्या भिंतीवर आम्ही लक्ष्मीची पावलं काढतो, म्हणून काय तिथं भांडी ठेवायची बंद करतो? आमच्यात चित्र आणि काम एकाच भिंतीवर नांदतात. त्यांच्यात नांदत नाहीत. हे मला कुणी सांगितलं नाही.

क्रेनच्या पाळण्यात बसून दाढीवाला रोज वर जायचा. आधी माझं नाक आलं. मग डोळा, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाएवढा. मी फुगले. खोटं कशाला बोलू, लय फुगले. मंडईत गेले आणि कोथिंबीरवाल्याला म्हणाले, "जुडी मोठी दे, न्हायतर तीन मजल्यावरनं बघंन तुज्याकडं." त्यानं दोन जुड्या दिल्या. माहेरी वरकुट्याला निरोप धाडला की माझ्या कुंकवात उभं राहून एक माणूस जेवतो.

चित्र पुरं झालं. भिंतीपुढं तार आली. तारेवर पाटी आली: भिंतीला हात लावू नये.

"रंग ओला असंल," सोजरमावशी म्हणाली. आम्ही थांबलो. रंग वाळला. पाटी हलली नाही. उलट पट्टेवाला एक रखवालदार येऊन बसला.

इथून पुढचं मी वाढवून सांगत नाही. वाढवायला जागाच नाही.

जमिनीवर थापून बघितलं, डुकरांनी तुडवलं. कालव्याच्या भरावावर नेलं, तिथून हाकललं. घराच्या पत्र्यावर थापलं, पत्रा गंजका, वाकून शेण खाली घरात आलं. गोठे तर झाडावेच लागत, एक दिवस गेलं नाही की दुसरी बाई लागते. रोज शेण घरी येत होतं आणि रोज दारातल्या खड्ड्यात सडत होतं. किडे पडले. मी त्या खड्ड्याकाठी बसून राहायची. हातात शेण, डोक्यावर ऊन, आणि दोघांची गाठ घालायला बोटभर जागा नाही. समोर ती भिंतीवरची बाई सोन्याच्या शेणात हात घालून हसायची. मी तिच्याकडं बघून शिव्या द्यायला लागले. लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झालाय. झालाच होता. स्वतःच्याच तोंडाला शिव्या घालणारी बाई शहाणी कशी म्हणायची?

चुलीत ओल्या गोवऱ्या जायला लागल्या. ओली गोवरी जळत नाही, नुसती धुमसते. सोजरमावशी त्या धुरात खोकत खोकत निळी पडायची. तिची पाठ चोळताना हाताला नुसती हाडं लागायची. वळीव कधीही येईल अशी हवा झाली. पावसाळा लागला की चार महिने काही वाळत नाही. हुडवा रचला नाही तर त्या चार महिन्यांत विकायचं काय, जाळायचं काय, आणि खायचं काय?

मी तात्यांकडं गेले. अंगणाबाहेर उभी राहिले.

"तात्या, भिंत तुमची हाय. पर ऊन तरी आमाला द्या. खालची कड तेवढी सोडा. चित्राचे पाय झाकत्याल, बाकी समदी मी दिसंन."

तात्या खुर्चीत हलले. "अगं, तुला जगात नेली आमी. परदेशातनं लोक बघाय येणार तुला. आता भितीवर बसलीयास की. भुईवर काय काम हाय तुजं?"

"भितीवरची जेवत न्हाय, तात्या."

"लय बोलाय लागलीस गं." मग आवाज मऊ करून म्हणाले, "आईक. उद्घाटनाला ये. पाहुण्यांफुडं बसून थापून दाखीव. मग बघू भितीचं. पर शेण नको, माती आण. पाहुणे मोठे हायत."

बघू. त्या एका शब्दासाठी मी तयार झाले. माती आणायला निघालेही होते. पण दारात सोजरमावशी बसली होती. तिनं विचारलं, "मातीच्या गोवरीनं चूल पेटंल का गं?" मी घरात वळले आणि शेणाची पाटी उचलली. तेव्हा बंड वगैरे काही मनात नव्हतं. पाहुण्यांनी खरी गोवरी बघितली तर त्यांना पाझर फुटेल, एवढीच आशा. आशा माणसाला किती येडं करते बघा.

तर असं ते हूश.

मला हुसकून खांबाशी उभं केलं. माइकवर एक पाहुणे बोलत होते. "या हातांकडे बघा! हे कष्टाचे, सुंदर हात!" टाळ्या. मीही वर बघितलं. इतके दिवस मी आपलं तोंडच बघत होते. हात कधी नीट बघितलाच नव्हता.

हाताला पाच बोटं होती.

माझ्या उजव्या हाताला चार आहेत. मधलं बोट लोणी भापकरला एका बागायतदाराच्या कडबाकुट्टीत गेलं. मी तेव्हा पदर खोचून वैरण सारत होते. बोट कडब्यात पडलं. मालक म्हणाला, "हात आत घालाय कुणी सांगितलं व्हतं?" आणि दुसऱ्या बाईला मशीनवर उभं केलं. बोट शोधायलाही कुणी थांबलं नाही. वैरण म्हशीपुढं गेली.

मी दाढीवाल्यापुढं गेले. हात वर धरला. त्यानं बघितलं, मॅडमना काहीतरी सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "त्याला माहीत होतं, मावशी. फोटोत दिसत होतं. पण पूर्ण हात जास्त छान वाटतो. नाहीतर बघणाऱ्याची नजर तिथंच अडकते."

नजर अडकते.

डोक्यात काहीतरी खाडकन उघडलं. यांना माझं तुटलेलं बोट नको. शेणाचा वास नको. धूर नको, खोकला नको, खड्ड्यातले किडे नकोत. जे जे अडकतं ते पुसून उरलेली बाई यांनी भिंतीवर घेतली. मालकानं बोट घेतलं. यांनी ते बोट गेल्याचंच पुसून टाकलं. आणि पुसायचं राहिलेलं काय होतं? खांबाशी उभी असलेली मी.

मी तार ओलांडली.

रखवालदार पुढं आला. पाटीतला गोळा हातात घेतल्यावर मागं सरकला. त्या दिवशी मला कळलं, ज्यांना आपली किळस येते ते आपल्याला घाबरतातही. मी गोळा भिंतीवर मारला. रंगवलेल्या निळ्या काठावर. थाप! वर पंजा दाबला. चार बोटं उमटली, मध्ये फट. दुसरा मारला. तिसरा मारला.

"ए! पोलीस बोलवीन!" तात्या ओरडले.

"बोलवा की! काय लिवत्याल? बाईनं सोताच्याच लुगड्याला शेण लावलं म्हून?"

खुर्च्यांतून कोणीतरी फिस्सकन हसलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. "मावशी, तुम्ही कलाकृतीचा अपमान करताय हो."

"आन् मगाशी पोरांनी हूश केलं, तवा कुणाचा केला?"

सोजरमावशी धापत धापत तारेखालून आली. पाटीत हात घातला आणि माझ्या शेजारी थापायला बसली. पाहुणे उठले. खुर्च्या पडल्या.

हे गोड वाटत असेल तर थांबा. दुसऱ्या दिवशी पाण्याचा जोराचा फवारा मारून त्यांनी सगळ्या गोवऱ्या पाडल्या. मी पुन्हा थापल्या. पुन्हा पाडल्या. मी ज्यांचे गोठे झाडते त्यांतल्या काहींनी, तात्यांच्या सांगण्यावरून, मला येऊ नको म्हणून सांगितलं. वस्तीतल्या अर्ध्या बायका मला टाळतात, त्यांचेही गोठे जातील या भीतीनं. त्यांना दोष देत नाही. सोजरमावशीचा खोकला वाढला आहे. आभाळ रोज दुपारी काळं होतं. हुडवा अजून गुडघ्याइतकाही नाही.

आता म्हणतात, काचेसारखं पारदर्शक काहीतरी लावून भिंत झाकणार. पावसात रंग टिकावा म्हणून. रंगाला छप्पर मिळणार आहे.

मिळू दे. मी त्या काचेवर थापीन. चौकीत नेलं तर हात न धुता जाईन, आणि साहेबांच्या वहीत अंगठ्याऐवजी पंजा उमटवीन, फटीसकट. सोडलं की परत इथंच येईन. तात्यांच्या अंगणाबाहेर यापुढं उभी राहणार नाही. त्यांच्या होळीला माझी एक गोवरी जाणार नाही, त्यांच्या सरणालाही नाही. विनंती संपली. सकाळ झाली की मी पाटी उचलते आणि भिंतीकडं जाते.